पोस्ट-कम्युनिस्ट देशांचा अभ्यास करायचाय? आधी दोनच देश घ्या

दरवर्षी एमएच्या पोरांना डिझर्टेशनचा विषय द्यायची वेळ आली की मला हमखास दोन-तीन मेसेज येतात, "दादा, पूर्व युरोपवर काहीतरी करायचंय, कम्युनिझम गेल्यावर तिकडे काय झालं वगैरे, कुठून सुरू करू?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी प्राध्यापक नाहीये, पण या विषयात दोन-अडीच वर्षं घालवलीत आणि त्यातलं पहिलं वर्ष जवळपास पाण्यात घातलंय, त्यामुळे वेळ नेमका कुठे वाया जातो ते चांगलं माहितीये.

देश निवडा, आणि कमी निवडा

आधी मोजून बघा. सोव्हिएत युनियन फुटून १५ देश झाले, युगोस्लाव्हियाचे कोसोवो धरून ७, चेकोस्लोव्हाकियाचे २, आणि पोलंड, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया, अल्बानिया हे ५. झाले २९. मंगोलिया घेतला तर ३०. पूर्व जर्मनी तर ३ ऑक्टोबर १९९० ला पश्चिम जर्मनीतच विलीन झाला, म्हणजे त्याचा हिशोबच वेगळा. आता या २९ मध्ये एस्टोनिया आहे जिथे २००५ पासून लोक इंटरनेटवरून मतदान करतायत, आणि तुर्कमेनिस्तानही आहे जिथे निवडणूक म्हणजे काय ते न बोललेलंच बरं. या दोघांना एकाच वाक्यात कोंबून "पोस्ट-कम्युनिस्ट देशांमध्ये असं दिसतं की" असं लिहिलंत की परीक्षक तिथेच पेन्सिल काढतो.

म्हणून दोन देश. एक घेतला तर नुसता इतिहास होतो, पाच घेतले तर नुसती टेबलं होतात. दोन असे घ्यायचे की सुरुवातीला बऱ्यापैकी सारखे होते आणि नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझी जोडी होती पोलंड आणि युक्रेन. १९९० ला खरेदीशक्तीच्या हिशोबाने दोघांचं दरडोई उत्पन्न कागदावर साधारण एकाच पातळीवर होतं, लोकसंख्याही तुलना करण्यासारखी, शेजारी देश. २०२१ पर्यंत, म्हणजे रशियाने पूर्ण आक्रमण करायच्या आधीच, पोलंड युक्रेनच्या दुपटीच्याही बराच पुढे गेला होता. प्रश्न आपोआप तयार झाला. दुसऱ्या चांगल्या जोड्या म्हणजे चेक आणि स्लोव्हाकिया (१ जानेवारी १९९३ पर्यंत एकच देश), एस्टोनिया आणि लॅटव्हिया, किंवा थोडं हटके हवं असेल तर मंगोलिया आणि किर्गिझस्तान. किर्गिझस्तान, जॉर्जियाला आपल्याकडची बरीच मुलं एमबीबीएसला जातात, त्यामुळे ओळखीत कोणीतरी तिकडे राहून आलेलं सापडतं, आणि घरभाडं कोणत्या चलनात मागतात, सरकारी कागद किती दिवसांत मिळतो असल्या गोष्टी त्यांना विचारता येतात, ज्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतात.

चीन आणि व्हिएतनाम यात घेऊ का असं हमखास विचारलं जातं. अर्थव्यवस्थेच्या बाजूने तुलनेला घ्या, पण तिथे कम्युनिस्ट पक्ष अजून सत्तेत आहे, त्यामुळे राजकारणाच्या बाजूने ते "पोस्ट" नाहीत. एका तळटीपेत उरका.

प्रश्न असा विचारा की उत्तर "नाही" येऊ शकेल

"पोलंडमधील आर्थिक सुधारणांचा अभ्यास" हा प्रश्न नाही, नुसतं शीर्षक आहे. "पोलंडने किमती झटक्यात मोकळ्या केल्या म्हणून तो लवकर सावरला का?" हा प्रश्न आहे, कारण याचं उत्तर नाही असंही येऊ शकतं. एवढंच. पुढे चला.

सुरुवात १९८९ पासून करू नका

ही चूक सगळे करतात कारण बर्लिनची भिंत पडतानाचे फोटो भारी असतात. पण ज्या दिवशी कम्युनिस्ट राजवट गेली त्या दिवशी प्रत्येक देशाच्या खिशात काय होतं ते बघितल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

पोलंडच्या खिशात काय होतं बघा. सुमारे तीन-चतुर्थांश शेतजमीन खासगीच होती, म्हणजे तिकडच्या कम्युनिस्टांना शेतकऱ्याची जमीन सामूहिक करणं कधी जमलंच नाही. चर्च होतं, सरकारच्या बाहेरचं आणि ताकदवान. १९८०-८१ मध्ये सॉलिडॅरिटी नावाच्या कामगार संघटनेचे जवळजवळ एक कोटी सभासद होते. आणि डोक्यावर ४० अब्ज डॉलरच्या वर परदेशी कर्ज होतं. युक्रेनचं तसं नाही. तिथे शेती सगळी कोलखोज-सोवखोज, म्हणजे सामूहिक आणि सरकारी शेतं, मोठाले कारखाने मॉस्कोतल्या मंत्रालयांच्या हुकमावर चालणारे, आणि मुख्य म्हणजे देशच नवीन. २४ ऑगस्ट १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, १ डिसेंबरच्या सार्वमतात ९० टक्क्यांवर लोकांनी होकार दिला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचं चलन नाही, स्वतःच्या नोटा काढायचा अनुभव असलेली मध्यवर्ती बँक नाही. पोलंड दुकान दुरुस्त करत होता, युक्रेन आधी जागा शोधत होता. हे मला कळायला आठ महिने लागले, तोपर्यंत मी दोघांना एकाच फुटपट्टीने मोजत बसलो होतो.

इथे आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण होते ती सांगतो. १९९१ म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच खाउजा (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) येतं, नरसिंह राव, मनमोहन सिंग, आणि आपण धरून चालतो की तिकडेही तेच झालं फक्त जरा जोरात. तसं नाही हो. आपल्याकडे लायसन्स राज होतं पण मालक खासगी होते, दिवाणी कोर्टं होती, मुंबईत शेअर बाजार १८७५ पासून होता. वॉर्सामध्ये शेअर बाजार नव्याने सुरू करावा लागला, १६ एप्रिल १९९१ ला, फक्त पाच कंपन्या, सुरुवातीला आठवड्यातून एकदाच सौदे, आणि जागा कुठली तर कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयाची इमारत! दुसरं म्हणजे हे दोन प्रसंग एकमेकांपासून सुटेही नाहीत. १९९०-९१ ला आपल्या निर्यातीतला साधारण सहावा हिस्सा सोव्हिएत युनियनला जात होता, रुपयात व्यवहार, तो गिऱ्हाईकच गेला. हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात टाकायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

भिंतीवर एक तक्ता लावा

खरंच भिंतीवर. एक्सेलमध्ये केला तर परत उघडून बघत नाही माणूस. चार पट्ट्या आखा: किमती आणि चलन, मालकी, निवडणुका आणि राज्यघटना, बाहेरचा दबाव (कर्ज, युरोपियन युनियन, रशिया). वर्षं आडवी. मग तारखा भरत जा.

पोलंडची पट्टी थोडी भरून दाखवतो. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ सरकार आणि विरोधक गोलमेज चर्चेला बसले. ४ जून १९८९ ला निवडणूक झाली, ती अर्धीच मोकळी होती, खालच्या सभागृहात ३५ टक्के जागांवरच खरी लढत, त्या सगळ्या सॉलिडॅरिटीने घेतल्या आणि सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, १०० पैकी ९९. त्याच वर्षी सॉलिडॅरिटीचे माझोविएत्स्की पंतप्रधान. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची किमती झटक्यात मोकळ्या करणारी योजना लागू. १९९१ मध्ये पॅरिस क्लबच्या सरकारी कर्जदात्यांनी त्यांच्या कर्जाचा अर्धा बोजा उतरवायचं मान्य केलं. १९९३ मध्ये जुने कम्युनिस्ट नवीन नावाने निवडणूक जिंकून परत सत्तेत आले, १९९५ मध्ये त्यांच्यातलेच क्वाश्निएव्स्की राष्ट्राध्यक्ष, तेही सॉलिडॅरिटीचा नेता लेक वावेंसाला हरवून. १ मे २००४ युरोपियन युनियन.

हा तक्ता बघता बघता प्रश्न पडायला लागतात, आणि तोच त्याचा उपयोग. उदाहरणार्थ, जुने कम्युनिस्ट १९९३ ला परत आले तरी सुधारणा उलट्या का फिरल्या नाहीत? लिथुआनियात १९९२ ला आणि हंगेरीत १९९४ ला पण असंच झालं, तिथेही गाडी तशीच पुढे गेली. मला वाटतं याच्यात युरोपियन युनियनचं गाजर मोठं होतं, १९९३ लाच कोपनहेगनला प्रवेशाच्या अटी ठरल्या होत्या आणि कोणालाच रांगेतून बाहेर पडायचं नव्हतं. युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळायला जून २०२२ उजाडावा लागला. पण हे माझं मत झालं, यावर भांडणारे खूप आहेत.

आकडे: इथे जास्त वेळ द्या, आणि कशावरही लगेच विश्वास ठेवू नका

सुरुवातीला आकडे कुठून घ्यायचे? वर्ल्ड बँकेचे विकास निर्देशक फुकट मिळतात. त्यात बऱ्याच देशांचे १९९० च्या आधीचे रकाने रिकामे असतात, घाबरू नका, देशच नव्हता तर आकडा कुठून येणार. ईबीआरडी म्हणजे १९९१ ला लंडनमध्ये सुरू झालेली पुनर्रचना आणि विकासाची युरोपियन बँक, ती खास याच देशांसाठी काढली होती, तिचा १९९४ पासून वार्षिक रिपोर्ट येतो आणि त्यात प्रत्येक देशाला किमती, खासगीकरण, बँका वगैरेवर १ ते ४ अधिक असे गुण दिलेले असायचे. राजकारणासाठी स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातला लोकशाही मोजणारा व्ही-डेम प्रकल्प, आणि फ्रीडम हाऊस या अमेरिकन संस्थेचा नेशन्स इन ट्रान्झिट हा रिपोर्ट. या दुसऱ्याचं एक लक्षात ठेवा, २०२० च्या आवृत्तीपासून त्यांनी पट्टी उलटी केली, आधी १ म्हणजे सर्वात चांगलं होतं, आता ७ म्हणजे सर्वात चांगलं. जुना पीडीएफ आणि नवी फाइल जोडलीत तर एका रात्रीत एस्टोनियात हुकूमशाही येईल.

आता महागाई. पोलंडची १९९० ची महागाई एका ठिकाणी ५८५ टक्के दिसेल, दुसऱ्या ठिकाणी २४९ टक्के. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं एक टायपो आहे. दोन्ही बरोबर आहेत. पहिला आकडा १९९० च्या वर्षभराच्या सरासरी किमतीची १९८९ च्या सरासरीशी तुलना करतो, दुसरा डिसेंबरची डिसेंबरशी. १९८९ च्या शेवटच्या महिन्यांतच किमती उसळल्या होत्या, आणि १९९० च्या एकट्या जानेवारीत त्या साधारण ८० टक्क्यांनी वाढल्या, म्हणून सरासरीचा आकडा एवढा फुगतो. तुम्ही कुठला वापरताय ते दर वेळी लिहा, आणि दोन देशांची तुलना करताना दोघांचा एकाच जातीचा घ्या.

टक्के आणि पट यातही घोळ होतो. युक्रेनमध्ये १९९३ ला महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे किमती दहा हजार पट झाल्या का? नाही. १०,००० टक्के वाढ म्हणजे १०१ पट. वर्षाच्या सुरुवातीला ५ ची पावाची लादी वर्षाअखेर ५०५ ची. तेवढंही भयानकच आहे, पण व्हायव्हात आकडा चुकला की पुढचं कोणी ऐकत नाही. आणि ही महागाई आकाशातून पडली नव्हती, बंद पडायला आलेल्या कारखान्यांना आणि शेतीला पगार देता यावेत म्हणून सरकार मध्यवर्ती बँकेकडून कर्ज काढून वाटत होतं. तोटा झाला तरी वरून कोणीतरी भरून देणार हे कारखान्याला माहीत असणं, याला हंगेरियन अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी सैल बजेट-मर्यादा (soft budget constraint) म्हटलं. साखर कारखान्यांच्या थकहमीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे समजवायला वेगळा तास घ्यायची गरज पडू नये.

माझा स्वतःचा गाढवपणा पण सांगतो. मी १९९३ च्या पोलिश पेपरच्या स्कॅनमधून सरासरी पगाराचा आकडा उचलला, महिना साधारण ४० लाख झ्लोटी. पुढचे आकडे वेबसाइटवरून घेतले, तिथे काहीशे झ्लोटी. ग्राफ काढला तर पोलिश कामगाराचा पगार कड्यावरून कोसळल्यासारखा सरळ खाली. मी उत्साहात त्यावर दोन पानं लिहिली पण, शोषण वगैरे शब्द वापरून. माझ्या गाइड मॅडमनी ग्राफ बघितला, हसल्या, आणि म्हणाल्या, "अरे, एक जानेवारी पंच्याण्णवला काय झालं ते बघून ये." त्या दिवशी पोलंडने चार शून्यं उडवली होती, १०,००० जुने झ्लोटी म्हणजे १ नवा. युक्रेनमध्ये तर सप्टेंबर १९९६ ला एक लाख कार्बोव्हानेत्स देऊन एक ह्रिव्निया मिळाला. तेव्हापासून माझ्या तक्त्यात चलनबदलाच्या तारखा लाल स्केचपेनने.

यापेक्षा खोल खड्डा म्हणजे उत्पन्नातली घसरण. सरकारी आकड्यांप्रमाणे पोलंडचं एकूण उत्पन्न दोन वर्षांत १५ ते १८ टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि १९९६ ला तो १९८९ च्या पातळीवर परत आला, या सगळ्या देशांत पहिला. युक्रेनचं १९९९ पर्यंत निम्म्याच्याही खाली गेलं. हे वाचून आपण लगेच लिहितो की लोक निम्म्याने गरीब झाले. थांबा जरा. जुन्या व्यवस्थेत कारखान्याचा मॅनेजर प्लॅन पूर्ण झाला असं दाखवायला आकडे फुगवायचा. जे बनायचं त्यातलं बरंचसं कोणाला नको असायचं, तरी ते उत्पादनात धरलं जायचं. दुकानात साखरेची किंमत स्वस्त लिहिलेली पण साखर नाही, मग ती किंमत खरी कशी मानायची? आणि १९९० नंतर जो नवा छोटा धंदा सुरू झाला तो सरकारी खात्यांना दिसतच नव्हता, कारण त्यांच्या याद्या मोठ्या कारखान्यांच्या होत्या. म्हणून काही संशोधकांनी वीज वापर बघायला सुरुवात केली, की खरंच निम्मं काम बंद झालं असेल तर वीजही तेवढी कमी लागली पाहिजे. वीज कमी झाली, पण उत्पन्नाच्या आकड्याएवढी नाही, म्हणजे बरंच काही नोंदीबाहेर चालू होतं. अर्थात या पद्धतीतही खोट आहे, हिवाळ्यात घर गरम ठेवायला वीज लागतेच, कारखाना चालो न चालो.

पण म्हणून "घसरण वगैरे सगळी कागदावरचीच होती" असं म्हणणाऱ्यांच्या नादाला लागू नका. रशियात पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० ला जवळपास ६४ वर्षं होतं, १९९४ ला ते ५८ च्याही खाली आलं. मृत्यूच्या दाखल्यात कोणी प्लॅन पूर्ण करायला आकडे फुगवत नाही. त्यामुळे एकच आकडा कधीच घेऊ नका, उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान ठेवा, बेकारी ठेवा, वीज ठेवा, आणि चारही एकच गोष्ट सांगतायत का बघा. सांगत नसतील तर तुमचा खरा चॅप्टर तिथे आहे.

आणि हो, कुठलाही आकडा डाउनलोड केल्यावर फाइलच्या नावात तारीख टाका. या संस्था मागचे आकडे सुधारत असतात, सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला परत सापडत नाही.

एक वस्तू धरून तिच्या मागे जा

आकड्यांनी डोकं जड झालं की हे करायचं. एखादा कारखाना घ्या, एखादा बाजार, एखादा कागद. मी व्हाउचरच्या मागे गेलो होतो.

सगळे कारखाने सरकारचे, विकायचे तर लोकांकडे पैसा नाही आणि परदेशी माणसाला विकले तर बोंब. मग चेकोस्लोव्हाकियाने युक्ती काढली, १,००० कोरुना भरा आणि पॉइंट असलेलं कुपनचं पुस्तक घ्या, त्या पॉइंटांवर कंपन्यांचे शेअर मागा. सुरुवातीला लोक थंड होते. मग खासगी गुंतवणूक फंड उतरले, तुमची कुपनं आम्हाला द्या, वर्षभराने दहापट देऊ अशी जाहिरात एकाने केली, आणि लोक रांगा लावून आले, पहिल्या फेरीत ८० लाखांहून जास्त. पुढे काय झालं याला चेक भाषेत स्वतःचा शब्द आहे, टुनेलोवानी, बोगदा खणणं. कंपनी बाहेरून उभी, आतून तिची मालमत्ता व्यवस्थापनानेच बोगदा खणून दुसऱ्या कंपनीत नेलेली. पकडायला कायदे होते कुठे? शेअर आधी वाटले, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नंतर आली.

रशियात ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबल छापलेलं व्हाउचर मिळालं, आणि खासगीकरणाचे प्रमुख चुबाइस यांनी सांगितलं की एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल. त्या वर्षी रशियातली महागाई २,५०० टक्के. त्यामुळे १०,००० रुबलचं काय झालं असेल ते तुम्हीच काढा. अनेकांनी व्हाउचर मिळेल त्या भावाने विकून टाकलं. दोन व्होल्गा हा तिकडे अजून चेष्टेचा विषय आहे.

आता गंमत बघा. ज्या पोलंडला सगळे "शॉक थेरपी"चा, म्हणजे सगळ्या सुधारणा एका झटक्यात करणारा, देश म्हणतात, तिथे मोठ्या सरकारी कारखान्यांचं खासगीकरण चांगलंच रेंगाळलं, कामगार परिषदा ऐकत नव्हत्या. किमती झटक्यात, मालकी सावकाश. आणि तिथली खरी नवी अर्थव्यवस्था कारखान्यात नव्हतीच, रस्त्यावर होती, फोल्डिंग कॉटवर माल मांडून विकणारी माणसं. वॉर्साच्या जुन्या पडीक स्टेडियमवर नव्वदच्या दशकात युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक भरायचा, पूर्वीच्या सोव्हिएत युनियनमधून पिशव्या घेऊन आलेले लोक, व्हिएतनामी व्यापारी, जीन्स, कॅसेट, सगळं. आज त्याच जागेवर २०१२ च्या युरो कपसाठी बांधलेलं राष्ट्रीय स्टेडियम आहे. म्हणून शॉक विरुद्ध हळूहळू असला निबंधछाप वाद घालत बसू नका, काय झटक्यात झालं आणि काय सावकाश, ते वेगळं वेगळं लिहा.

राजकारण: निवडणूक झाली म्हणजे काम झालं असं नाही

आधीच्या पिढीच्या लिखाणात "संक्रमण" हा शब्द सारखा येतो आणि त्यात एक गृहीत लपलेलं असतं, की गाडी हुकूमशाहीतून निघालीये आणि लोकशाहीच्या स्टेशनात पोचणारच, प्रश्न फक्त किती उशीर. बेलारूसमध्ये लुकाशेन्को १९९४ ला बऱ्यापैकी खऱ्या निवडणुकीत निवडून आले आणि मग हललेच नाहीत. गाडी वेगळ्याच रुळावर.

पण अभ्यासासाठी बेलारूसपेक्षा हंगेरी घ्या, जास्त शिकायला मिळतं, कारण तिथे सगळं कायद्याने झालं. २०१० च्या निवडणुकीत ओर्बान यांच्या फिदेस आघाडीला साधारण ५३ टक्के मतं आणि ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशच्या वर. हंगेरीत संसदेचं एकच सभागृह आणि दोन-तृतीयांशने घटना बदलता येते. मग नवी घटना, १ जानेवारी २०१२ पासून लागू. निवडणूक कायदा बदलला, जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ ला मतं ४५ टक्क्यांवर आली, जागा मात्र १९९ पैकी १३३, परत दोन-तृतीयांश. हे गणित स्वतः हाताने मांडून बघा, पेपरातल्या दहा लेखांपेक्षा जास्त कळतं. दोन ग्राफ शेजारी ठेवा, मतांचा आणि जागांचा, बास.

पोलंडमध्ये २०१५ नंतर न्यायालयांवर ताबा कोणाचा यावरून असाच संघर्ष झाला, पण तिथल्या सत्ताधाऱ्यांकडे दोन-तृतीयांश नव्हते, आणि ऑक्टोबर २०२३ ला जवळपास ७४ टक्के मतदान होऊन सत्ता बदलली. १९८९ च्या त्या ऐतिहासिक निवडणुकीच्या पहिल्या फेरीत ६३ टक्केच झालं होतं! हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या, कारण आपण धरून चालतो की क्रांतीच्या वर्षी सगळा देश बूथवर लोटला असेल.

भाषा येत नाही, मग?

मलाही पोलिश येत नाही. पण एक युक्ती आहे. विकिपीडियावर इंग्रजी लेख उघडा, बाजूला पोलिश किंवा युक्रेनियन भाषेवर क्लिक करा, तिथलं शीर्षक कॉपी करून सर्चमध्ये टाका. लगेच त्या भाषेतले पेपर, सांख्यिकी खात्याची पानं, जुने कायदे वर येतात, मग मशीन भाषांतराला द्या. आकड्यांच्या टेबलाला तर भाषाच फारशी लागत नाही, फक्त लक्षात ठेवा की तिकडे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, ३,५ म्हणजे साडेतीन. मध्य आशियावर काम करायचं असेल तर मात्र रशियन शिकाच, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकवतात, आणि वर्षभरात निदान मथळे वाचण्याइतकी येते. पुढे पीएचडी वगैरे डोक्यात असेल तर जेएनयूमध्ये रशिया आणि मध्य आशियाचं वेगळं केंद्रच आहे.

पोलंडवर काम करणाऱ्या कोल्हापूरकरांना एक फुकटचा सल्ला. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्याचं स्मारक वॉर्सात आहे. तुमच्या विषयाशी याचा संबंध नाही, पण एखाद्या पोलिश प्राध्यापकाला मेल टाकताना पहिल्या ओळीत कोल्हापूर लिहिलंत तर उत्तर यायची शक्यता वाढते, मला तरी आलं.

गाइडकडे पहिल्यांदा जाताना

चार आठवडे स्वतःला द्या. पहिल्या आठवड्यात जोडी आणि प्रश्न, दुसऱ्यात तक्ता, तिसऱ्यात तीन-चार आकडे दोन्ही देशांचे १९९० ते आत्तापर्यंत, चौथ्यात एक वस्तू आणि तिची दोन पानी गोष्ट. थिअरीचा चॅप्टर आत्ता लिहू नका, नंतर सगळा बदलावा लागतो. जाताना तक्त्याचा फोटो, एक ग्राफ आणि ती दोन पानं, एवढं प्रिंट काढून न्या. ग्राफखाली आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते पेनने लिहिलेलं असू द्या, कारण पहिला प्रश्न तोच येतो. लॅपटॉपवर दाखवतो म्हणालात तर निम्मा वेळ चार्जरचं सॉकेट शोधण्यात जातो.